तांबड्या ताऱ्यावरून माघारी

वयनी, घरी भेटायला येणारी माणसं पहिली दोन वाक्यं रीतीप्रमाणेच बोलतात. ‘फार सोसलं तिनं.’ ‘सुटली म्हणायची.’ पण चहाचा कप हातात आला की त्यांचा आवाज बदलतो. “पण शैला, ते यान खाणीत उतरलं कसं गो? आम्हाला वाटलं, आता भिंत फुटते!” आणि मग सांत्वनाला आलेली माणसं सोप्यावर उभी राहून, दोन्ही हात पसरून एकमेकांना दाखवायला लागतात की ते केवढं होतं. परवा आमोण्याहून तुझ्या शाळेतल्या दोन जुन्या विद्यार्थिनी आल्या. रडत आत शिरल्या आणि हसत बाहेर पडल्या. तुला हे आवडलं असतं. तू त्यांना परत बसवून विचारलं असतंस, कुठला भाग जास्त आवडला, आणि का ते कारणासह सांगा.

मला मात्र कोणाला काही दाखवता येत नाही. मी तेव्हा त्या उजेडाच्या आत होते.

तू या घरात आलीस तेव्हा मी कॉलेजात नुकतीच जायला लागले होते. तू पेडण्याची. तुझे बाबा दशावतारात बायकांची कामं करायचे, आणि त्यांच्या द्रौपदीला पाहून रडलेली माणसं पेडण्यात अजून सापडतात. तू मात्र बी.एस्सी. झालेली, विज्ञान शिकवणारी, चष्मेवाली. दादाचे तेव्हा दोन ट्रक मुळगावच्या खाणीवर चालायचे. लग्न ठरलं तेव्हा आमच्या आईला एकच काळजी होती, की एवढं शिकलेली मुलगी आपल्या गप्प बसणाऱ्या मुलाशी बोलणार काय. तू बोललीस. तो ‘बरें’ म्हणाला. तुमचा संसार एवढ्यावर चालला आणि चांगला चालला.

पहिल्याच वर्षी जत्रेच्या नाटकाची बैठक आपल्या सोप्यावर भरली होती. तू चहा घेऊन बाहेर आलीस आणि आत गेलीच नाहीस. “दरवर्षी तेच राजे आणि त्याच तलवारी,” तू म्हणालीस. “एकदा तरी पुढचं नाटक करूया.”

“पुढचं म्हणजे?” कोणीतरी विचारलं.

“अजून न झालेलं.”

सगळे हसले. तू हसली नाहीस. दोन महिन्यांत तू ‘दूर तांबडा तारा’ लिहून काढलंस. पाण्याच्या शोधात रेवा नावाची मुलगी तांबड्या ग्रहावर जाते. तिला पाठवणारी एक डॉक्टर असते, शास्त्रज्ञ. शेवटी यान वर वर जातं, डॉक्टर खाली उभी राहून हात हलवते, पडदा. रेवा परत येते की नाही, हे तू लिहिलंच नव्हतंस. मंडळींना त्यातलं निम्मं कळलं नाही, पण यान उडणार म्हटल्यावर सगळे तयार झाले. सावंतवाडीहून नटी ठरवली. ती आली, तिनं दोर बघितला, दादाच्या गॅरेजमधून आणलेली कप्पी बघितली, आणि संध्याकाळच्या बसनं परत गेली.

त्या रात्री जेवताना तू माझ्याकडे एकटक बघत होतीस. मला तेव्हाच कळलं.

आपल्या गावातली मुलगी तोवर त्या रंगमंचावर उभी राहिली नव्हती. बाबा म्हणाले, “आमची पोर चारचौघांसमोर पुरुषांबरोबर काम करणार?” तू डोक्यावरचा पदर सारखा केलास आणि अगदी शांतपणे म्हणालीस, “मामंजी, अर्धा वेळ ती हवेत आहे. उरलेला अर्धा वेळ त्या ग्रहावर दुसरं कोणीच नाही.” बाबांना हसू आवरलं नाही, आणि हसल्यावर त्यांना नाही म्हणता आलं नाही.

काय होतं गं ते! माझ्या डोक्यावर रुपेरी रंग दिलेली बालदी, तिला समोरून खिडकी कापलेली. यान म्हणजे बांबूचा सांगाडा, त्यावर चकचकीत कागद. दादानं खाणीवरची लाल माती ट्रकनं आणून रंगमंचभर पसरली होती. कप्पी कुरकुरली, मी वर उचलली गेले, तू विंगेतून मुठी भरभरून राळ मशालीवर उडवलीस, आणि त्या जाळात ती माती खरंच पेटल्यासारखी दिसायला लागली. पेटीवाल्याला धुळीनं शिंका आवरेनात. पण देवळासमोर बसलेल्या त्या सगळ्या माणसांत एक आवाज नव्हता. मी वरून त्यांची तोंडं बघत होते. बाबांचंही. माझ्या आयुष्यात मला इतकी माणसं एकदम कधी दिसली नव्हती, आणि तीही अशी, तोंड उघडं ठेवून बसलेली.

पुढचं तुला माहीत आहे. तू ते कधी विसरली नाहीस, हीच तर अडचण होती. फोंड्याकडच्या एका घरी माझं जवळजवळ ठरलं होतं. त्यांच्या कानावर नाटक गेलं. दोरीला लोंबकळणारी सून आम्हाला नको, असा निरोप मध्यस्थानं आणला तेव्हा तू चुलीपुढे भाकऱ्या थापत होतीस. तू हातातली भाकरी तव्यावर टाकलीस आणि ती करपेपर्यंत तशीच उभी राहिलीस. आई तुला एक शब्द बोलली नाही. मीही नाही. नंतर एकदोन स्थळं आली, गेली, आणि मग येणं थांबलं.

तेव्हापासून घरात कोणाचंही लग्न निघालं की तू आधी माझ्याकडे बघायचीस. हळद दळताना, रुखवत मांडताना. तुझ्या लेकीच्या, मृणालच्या लग्नात तर तू माझ्यासाठी तिच्यापेक्षा भारी साडी आणलीस. मी नेसले आणि मिरवले. तुला काय वाटत होतं ते मला कळत होतं, आणि मला काय वाटतं ते तू कधी विचारलं नाहीस.

आता सांगते. मी नर्स झाले. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत किती गावांतली बाळं माझ्या हातात पहिल्यांदा रडली. माझी स्कूटर होती, माझा पगार होता, मागच्या अंगणात मी बांधलेली माझी खोली होती आणि तिच्या दाराला आतून कडी होती. नाटकं तर किती केली! स्पर्धेत बक्षिसं घेतली, पुरुषमंडळींना तालमीला वेळेवर यायला शिकवलं. एखादी गोष्ट गमावलेल्या बाईचं आयुष्य असं नसतं, वयनी. पण हे बोलायचं कुठं? भाजी चिरताना बोलण्यासारखं ते नव्हतं, आणि आपण दोघी तर नेहमी भाजी चिरतानाच बोललो.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी तुझं निदान सांगितलं. तू घरी आलीस, चष्मा पुसलास आणि म्हणालीस, “मृणालला बोलावून घे. रेवाला परत आणायचीय.”

मला वाटलं, औषधांचा परिणाम. पण तू नाटक मनात कधीचं जुळवून ठेवलं होतंस. इतक्या वर्षांनी रेवाचं यान पृथ्वीवर परतून येतं. ती दार उघडते तर समोर लाल माती, पायऱ्यापायऱ्यांनी खोदलेले कडे, तळाशी साचलेलं हिरवं पाणी. तिला वाटतं, वाट चुकली, आपण पुन्हा त्याच ग्रहावर उतरलो. “आणि हे करायला आपल्याला सेट लागणार नाही,” तू म्हणालीस. मुळगावची ती बंद पडलेली खाण तुझ्या डोळ्यांसमोर होती.

मृणाल पुण्याहून आली. ती तिथं जाहिरातींसाठी हलती चित्रं बनवते, आणि आईच्या आजारपणासाठी सुट्टी घेऊन आलेली ती पोर येताना मित्रांची फौज आणि प्रोजेक्टरांच्या पेट्या घेऊन आली. परवानगी मिळवायला दादा किती ठिकाणी गेला ते त्यानं सांगितलं नाही, आपल्याला फक्त कागद दिसला. खाणीच्या काठापासून लांब, जिथं पूर्वी ट्रक भरायचे त्या सपाट जागेवर खुर्च्या मांडायच्या, आणि समोरचा अख्खा कडा हाच पडदा.

रेवा कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा मंडळींनी पणजीच्या एका तरुण मुलीचं नाव सुचवलं. पांढरा विग लावला की झालं. तू म्हणालीस, “शैला करील.” मी म्हटलं, माझे गुडघे. तू म्हणालीस, “एवढा प्रवास करून आल्यावर कोणाचे गुडघे दुखायचे नाहीत?”

मग आपली भांडणं सुरू झाली. पहिलं भांडण झगमगाटावरून. मी म्हटलं, एवढं लखलखीत कशाला? दोन बायका इतक्या वर्षांनी भेटतात, तेवढं पुरेसं आहे. माणसं दिवे बघत बसतील आणि तुझी वाक्यं वाया जातील. तू औषध घेऊन पडली होतीस, उठून बसलीस. “माझ्या बाबांनी राळ उडवली की समोरची म्हातारी हात जोडून उभी राहायची. जाळ खोटा होता. तिचं उभं राहणंही खोटं होतं काय? शैला, माणसांचं तोंड उघडं राहिलं ना, की मग आत काहीही घालता येतं.” मी हे भांडण हरले. आनंदानं हरले, आता कबूल करते.

दुसरं भांडण मी हरले नाही, आणि तूही हरली नाहीस.

नाटकात शेवटी रेवा त्या डॉक्टरला भेटते. डॉक्टर आता म्हातारी, कदेलात बसलेली. तो भाग तू स्वतः करणार होतीस, आपल्या सोप्यावरची वेताची खुर्चीच तिथं न्यायची होती. डॉक्टर म्हणते, “पोरी, तुला पाठवलं ही माझी चूक झाली. तुझं सगळं आयुष्य गेलं.” आणि रेवा तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडते. मी वाचलं आणि म्हटलं, “ती रडणार नाही.”

“कशाला नाही रडणार? घर सोडून गेली, माणसं गेली, तरुणपण गेलं.”

“ती तिथं गेली, वयनी. दुसरं कोणी गेलं होतं काय? तिनं काय बघितलं ते एकदा तरी विचार की तिला.”

“तुला नाटक कळत नाही.”

“मला रेवा कळते.”

हे आपण तीन-चार महिने रोज बोललो. तालमीत मी तुझं वाक्य आलं की डोकं ठेवायचे आणि रडायचे नाही, तू रागानं माझ्या डोक्यावर टिचकी मारायचीस. मृणाल म्हणायची, आई, आत्या, तुम्ही रेवाबद्दल बोलताय ना? आपण दोघी एकदम ‘हो’ म्हणायचो.

प्रयोगाच्या दिवशी ऊन उतरल्यापासून माणसं यायला लागली. डिचोली बाजारातली, साखळीची, पेडण्याहून तुझ्या माहेरचे लोक टेंपो करून आलेले. पूर्वी त्याच खाणीवर ट्रक चालवलेले, मूळचे दोडामार्ग-सावंतवाडीकडचे ड्रायव्हर बायकामुलांना घेऊन आले होते आणि मुलांना बोटानं दाखवत होते की इथं आमची गाडी लागायची. अंधार पडला. आणि वयनी, मृणालनं तो कडा उजळला.

आधी तारे. मग एक तारा मोठा होत होत खाली यायला लागला. कड्याच्या पायऱ्यांवरून उजेड ओघळला, तळाच्या पाण्यात दुसरं यान वर यायला लागलं, आणि ती दोन्ही मधोमध मिळाली तेव्हा सगळी खाण आधी निळी, मग सोनेरी, मग निखाऱ्यासारखी लाल झाली. लोक ओरडले. पहिल्या रांगेतले मागे सरकले. मी अंगभर बारीक दिवे शिवलेला पोशाख घालून आडोशाला उभी होते, आणि बाहेर पाऊल टाकायचं विसरले, कारण मीही बघत बसले होते. ही आपल्या मुळगावची खाण. जिच्या धुळीनं आपली तुळस लाल व्हायची ती.

मी बाहेर आले, दुखऱ्या गुडघ्यांनी, तशीच. तुझी वाक्यं बोलले. वाट चुकली, पुन्हा तोच ग्रह, तीच माती. माणसं इतकी गप्प होती की मला माझ्या पोशाखातल्या बॅटरीची घरघर ऐकू येत होती. आणि मग तू घातलेला तो आवाज आला, पोदेराच्या सायकलीचा भोंपू, पोंय पोंय, पाव घेऊन येणारा. रेवाला कळतं की ती घरी आलीय. माणसं आधी हसली, आणि हसता हसता किती जणांनी डोळे पुसले ते मला तिथून दिसलं.

मग उजेड तुझ्यावर आला. तू कदेलात बसली होतीस, खांद्यावर शाल, इतकी बारीक झालेली. पण आवाज कसला होता तुझा! वर्गात शेवटच्या बाकाला झोपू न देणारा. तू म्हणालीस, “पोरी, तुला पाठवलं ही माझी चूक झाली. तुझं सगळं आयुष्य गेलं.”

तू माझ्याकडे बघत होतीस. रेवाकडे नव्हे.

मी काही ठरवून आले नव्हते, यावर तू शेवटपर्यंत विश्वास ठेवला नाहीस, पण खरंच नव्हते. मी तुझ्यासमोर गुडघे टेकले आणि म्हटलं, “चूक? डॉक्टर, मी एका आभाळात दोन चंद्र पाहिलेत. तुम्ही पाठवलं नसतं, तर कोणी दाखवले असते?”

तू गोंधळलीस. आयुष्यात पहिल्यांदा तुझं पुढचं वाक्य तुला मिळेना. मग तुझा हात माझ्या गालावर आला आणि तू अगदी हळू, माईकलाही जेमतेम लागेल असं विचारलंस, “खरंच गो? कसे होते?”

तो ‘गो’ डॉक्टरचा नव्हता.

मी सांगायला लागले. एक मोठा, घाईत असलेला. एक लहान, मागं राहून बघणारा. मला काय सुचत होतं ते बोलत होते. बोलता बोलता तुझ्या चष्म्यात काहीतरी चमकलं म्हणून मी वळले. तिकडं मृणालनं, काय केलं कसं केलं तिचं तिला माहीत, त्या कड्यावर दोन चंद्र आणून ठेवले होते. एक मोठा, एक लहान. आपण दोघी पाठमोऱ्या होऊन ते बघत राहिलो आणि नाटक तिथंच संपलं, कारण पुढचं कोणालाच ठाऊक नव्हतं. टाळ्या किती वेळ चालल्या ते मला सांगता येणार नाही. तुझ्या माहेरचे लोक उभे होते. तुझ्या विद्यार्थिनी उभ्या होत्या. वयनी, मला आजवर स्वतःचा अभिमान वाटला आहे, पण त्या दिवशी मी लोकांना ओरडून सांगणार होते, ही माझी वयनी, हिनं हे लिहिलं.

आणि तू? घरी आल्यावर पहिलं वाक्य काय, तर “स्क्रिप्टात नव्हतं ते.”

दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी पेज भरवताना मी म्हटलं, “छान झालं की पण.”

“रडली असतीस तर अजून छान झालं असतं. लोक रडले असते.”

“लोकांना रडवायचं होतं, की तुला रडायचं होतं?”

तू पेजेचा चमचा बाजूला केलास. मग म्हणालीस, “पेडण्याच्या प्रयोगात माझंच वाक्य म्हणायचं. समजलं?” शिगम्यात तुझ्या माहेरी प्रयोग ठरला होता. मी म्हटलं, बघू. आपलं त्यावर तेवढंच झालं. संक्रांतीनंतर तू बोलण्यापलीकडे गेलीस, आणि इतक्या लोकांजवळ शेवटच्या वेळी बसलेली मी तुझ्याजवळ बसले तेव्हा नाडीवर बोट ठेवायचंसुद्धा विसरले. नुसता हात धरला.

तेराव्यानंतर पेडण्याचे लोक आले. प्रयोग रद्द करायचा ना, हे विचारायला त्यांना शब्द सापडत नव्हते. मृणाल माझ्याकडे बघत होती, मी जमिनीकडे. तुझं काम कोण करणार?

“रद्द कित्याक?” दादा म्हणाला. तो खांबाला टेकून बसला होता, तो तिथं आहे हे आम्ही विसरलोच होतो. “कदेलार बसूनच करपाचें न्हय तें काम? हांव करतलों.”

दादा काम करणार! ज्यानं उभ्या जन्मात नाटकाला ट्रक दिले, माती दिली, कप्पी दिली, पण रंगमंचावर पाऊल ठेवलं नाही. मृणाल हळूच म्हणाली, “बाबा, वाक्यं आहेत त्यात. बरीच.” त्यावर दादानं जमिनीकडे बघत डॉक्टरचं पहिलं भाषण सुरू केलं. चढउतार काही नाही, ट्रकचे नंबर वाचावे तसं. पण एक शब्द चुकला नाही. तू रोज संध्याकाळी त्याच्यासमोर तालीम करायचीस आणि तो ‘बरें’ म्हणायचा, आम्हाला वाटायचं, त्याचं लक्ष नाही. पेडण्याच्या लोकांतला एक म्हातारा दशावतारी डोळे पुसत म्हणाला, “आवाज बसवूया. बाकी सगळं आहे.”

काल पहिली तालीम झाली. दादा चष्मा लावून खुर्चीत बसला, हात मांडीवर. तुझं वाक्य आलं. त्यानं ते तू लिहिलंस तसंच म्हटलं, आणि माझ्याकडे बघितलं. मी गुडघे टेकले आणि माझं वाक्य म्हटलं.

त्यानं चष्मा काढला. “शैला, हें स्क्रिप्टांत ना.”

“नाही. ठाऊक आहे मला.”

“तिचें न्हय हें.”

“तिचं नाही, दादा. माझं आहे.”

मृणालनं दिवा तसाच आमच्यावर धरून ठेवला. मला वाटलं, आता तो नेहमीसारखं ‘बरें’ म्हणेल.

“मगे व्हडल्यान म्हण,” दादा म्हणाला. “सगळ्यांक आयकूंक जाय.”

आणि मी म्हटलं, वयनी. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघतील इतक्या मोठ्यानं म्हटलं.